दोन खाऱ्या, एक भाकरी

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की तेरचे अवशेष, नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला आणि तुळजापूर ही नावे ओघाने येतात. ती यायलाच हवीत. पण गेली काही वर्षे मी ज्या वस्तूचा माग काढतो आहे तिचा शिलालेख नाही, सनद नाही, आणि तिच्यावर कोणी पोवाडाही रचलेला नाही. ती चहाच्या टपरीवर काचेच्या बरणीत असते, किराणा दुकानात पारदर्शक पिशवीत लटकत असते आणि घरोघरी सकाळी चहाच्या कपात बुडते. ती वस्तू म्हणजे खारी.

विषय ऐकून अनेकांना हसू येते. मी त्यांना एकच विचारतो : तुमच्या आजोबांची न्याहारी काय होती? उत्तर ठरलेले असते. रात्रीची ज्वारीची भाकरी, तिच्यावर दही किंवा ताक, शेंगदाण्याची, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, कांदा. मग विचारतो, आज सकाळी तुम्ही काय खाल्ले? बहुतेक जण थोडे थांबतात आणि सांगतात, चहा-खारी. दोन-तीन पिढ्यांत एका ज्वारीच्या जिल्ह्याची न्याहारी बदलली, आणि या बदलाची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही. ती करण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात इतिहास आहे आणि थोडे गणितही आहे, कारण खाण्याचा इतिहास लिहिताना वजनकाटा दूर ठेवून चालत नाही.

पापुद्र्यांचा पूर्वेतिहास

खारी साहेबाची किंवा इराण्याची, असे आपण सहज म्हणून जातो. आजच्या रूपातली खारी बेकरीतून आली हे खरेच आहे. पण पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांचे एकाआड एक थर देऊन पापुद्रे सोडवायची कला आपल्याकडे परकी नव्हती. दिवाळीचा चिरोटा पाहा. पोळ्या लाटायच्या, एकीवर एक ठेवताना प्रत्येकीला तूप आणि तांदळाच्या पिठीचा फेसलेला साटा लावायचा, गुंडाळी करायची, तुकडे करून हलक्या हाताने लाटायचे आणि तळायचे. ‘साटा’ या एका शब्दात पापुद्र्याचे सगळे शास्त्र आहे. दोन थरांच्या मध्ये तूप असले की ते एकमेकांना चिकटत नाहीत. पिठातल्या पाण्याची आचेने वाफ होते, ती थर वर उचलते आणि पापुद्रा सुटतो. खारीतही हेच घडते. फरक एवढाच की चिरोटा कढईत फुलतो आणि खारी भट्टीत.

आणखी मागे जायचे तर आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच जाता येते. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या अन्नविषयक भागात गव्हाच्या पिठाचे मंडक, पोळिका, घारिका असे पदार्थ येतात. आपले मांडे, पोळी आणि घारगे यांचे हे पूर्वज. पुढे मुसलमानी राजवटींबरोबर तंदूर आणि तुपाचे थर असलेली बाकरखानी दख्खनमध्ये रुळली. म्हणजे गहू, तूप आणि पदर ही त्रयी या भागात जुनीच आहे.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. मांडे राजाच्या पंगतीतले, बाकरखानी अमीर-उमरावांच्या दस्तरखानावरची आणि चिरोटा दिवाळीचा. रोज पहाटे शेतावर जाणाऱ्या माणसाचा यांच्याशी संबंध सणापुरता. मराठवाड्यातल्या साध्या घरात गव्हाची पोळीसुद्धा सणाची किंवा पाहुण्याची असे. रोजची ती भाकरीच. पापुद्र्याचा पदार्थ रोजचा कधी झाला, हा खरा प्रश्न आहे.

बिस्किटाचा विटाळ आणि बिस्किटाचे औषध

बेकरीच्या मालाला महाराष्ट्रात सुरुवातीला जो विरोध झाला तो पोषणाचा नव्हता, धर्माचा होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण अनेकांना माहीत आहे. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांच्या खटपटीने टिळक, रानडे आदी मंडळी तिथे जमली. पुढे हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. मिशनऱ्यांच्या घरचा चहा आणि बिस्किटे हा प्रायश्चित्ताचा विषय झाला आणि काहींनी ते घेतलेही. पाव, बिस्किट, बेकरी हे सारे त्या काळी ‘बाटवणारे’ अन्न होते.

हा विटाळ सुटला कसा? कायद्याने किंवा भाषणांनी तो फारसा सुटला नाही. माझ्या मते त्यात आजारपणाचा मोठा वाटा आहे. सुरतेच्या दोटीवाला बेकरीची एक परंपरागत हकीकत आहे. डच लोक निघून गेल्यावर पावाला गिऱ्हाईक कमी झाले. उरलेला पाव वाळवून विकला जाऊ लागला, आणि पचायला हलका म्हणून वैद्य-डॉक्टर तो रुग्णांना सुचवू लागले. हैदराबादच्या उस्मानिया बिस्किटाबद्दलही अशीच गोष्ट सांगतात, की उस्मानिया रुग्णालयातल्या रुग्णांना चटकन शक्ती मिळावी म्हणून ते तयार झाले. या बिस्किटाचे आणि आमच्या जिल्ह्याचे एक नाते आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून बिस्किट उस्मानिया झाले आणि धाराशिवचे उस्मानाबाद झाले. २०२३ साली जिल्ह्याला जुने नाव परत मिळाले. बिस्किटाचे नाव मात्र कोणी बदलले नाही.

या हकिकती शब्दशः घ्यायच्या की नाही, हे बाजूला ठेवू. दोन्हींतून एक समजूत स्पष्ट दिसते : बेकरीत भाजलेला कोरडा पदार्थ हलका असतो आणि आजाऱ्याला चालतो. औषधाला सोवळे नसते. त्यामुळे ज्या घरात पाव येत नव्हता त्या घरात आजारी माणसाच्या निमित्ताने टोस्ट, बिस्किट आणि मागोमाग खारी आली. आजही आमच्याकडे कोणाला पाहायला दवाखान्यात जायचे तर हातात बिस्किटाचा पुडा असतो.

मैदा, डालडा आणि चहा

खारी रोजची व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

पहिली चहा. चहाचा खप देशात वाढावा म्हणून व्यापाऱ्यांनी पद्धतशीर प्रयत्न केले. १९०३ साली चहावर कर बसवून त्यातून प्रचाराचा खर्च सुरू झाला, आणि १९३७ पासून इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड या नावाने हे काम चालले. त्या काळी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर निजामाच्या हद्दीत जकात भरावी लागे. त्या खात्याचे नाव ‘करोडगिरी’. ही करोडगिरी ओलांडून चहा आमच्याकडे आला आणि स्थिरावला. सकाळचे पहिले तोंड भाकरीऐवजी चहाशी जुळले, आणि मग चहाबरोबर काहीतरी लागू लागले. भाकरी चहात बुडवून खाणारे आहेत, मी स्वतः खाल्ली आहे, पण चहा शोषून घेण्यात खारीला तोड नाही. तिचे सारे पापुद्रे त्यासाठीच जणू मोकळे असतात.

दुसरी गोष्ट मैदा. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० खाली धान्याचा करार झाला आणि परदेशी गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. मग १९७२चा दुष्काळ आला. आमच्या भागात त्या वर्षाचे नाव अजून दबक्या आवाजात घेतात. ज्वारी पिकली नाही. लाल मिलो आली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ‘आपल्या रानात पिकते तेच आपण खातो’ ही शतकांची घडी त्या एका दुष्काळात विस्कटली. पुढे रेशनवर गहू नियमित मिळू लागला, आणि गेल्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. रब्बीची ज्वारी टिकून आहे, मालदांडीचे नाव अजून आदराने घेतात, पण ज्या घरात वर्षाची ज्वारी कणगीत असायची तिथे आता ती किलोवर विकत येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वनस्पती तूप. मुंबईत तयार होणारा डालडा १९३७ साली बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायची ही युक्ती खारीसाठी वरदान ठरली. साजूक तूप मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पातळ होते. ते पिठात मुरून गेले की पदर उरत नाहीत. वनस्पती तूप घट्ट राहते, स्वस्त असते आणि लवकर खवटत नाही. या तुपाला विरोधही कमी झाला नाही. गांधीजी त्याच्या विरोधात होते. साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले, कारण तिळाचे तेल रासायनिक चाचणीत चटकन ओळखू येते. पण डालड्याचा डबा घरोघरी पोचलाच. रिकामा झाल्यावर त्यात तुळस लागली, धान्य साठले आणि पहाटे तो माळरानावरही गेला.

चहा, मैदा आणि डालडा एकत्र आले, आणि जो पापुद्रा वर्षातून एकदा चिरोट्यात दिसायचा तो रोज सकाळी दिसू लागला.

भट्टीजवळचा हिशेब

एका लहान बेकरीत बसून मी खारी होताना पाहिली आणि वजने टिपून घेतली. मैदा, मीठ आणि पाणी यांचा गोळा मळतात, लाटतात, त्यावर घट्ट चरबी पसरवतात, तीन पदरी घडी घालतात, विश्रांती देतात, पुन्हा लाटतात. अशी घडी पाच वेळा पडली की चरबीचे २४३ थर होतात. मग पट्ट्या कापून भट्टीत. एकदा फुलवायचे आणि नंतर मंद आचेवर बराच वेळ वाळवायचे. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे.

आता हिशेब. दहा किलो मैद्याला चार किलो चरबी धरू. अनेक ठिकाणी ती याहून जास्त असते. मीठ २०० ग्रॅम. पाणी जवळजवळ सगळे उडून जाते आणि साडेतेरा किलोच्या आसपास खारी हाती येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम मैद्यातून सुमारे ३५२ किलोकॅलरी मिळतात. चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ. म्हणजे दहा किलो मैद्याच्या ३५ हजार २०० आणि चार किलो चरबीच्या ३६ हजार. खारीतली निम्म्याहून अधिक ऊर्जा पिठाची नसून चरबीची असते. खाताना मात्र आपण स्वतःला ‘काहीतरी कोरडे’ खातो आहोत असे सांगत असतो.

माझ्या काट्यावर एक खारी साधारण २० ग्रॅम भरली. दोन खाऱ्या म्हणजे ४० ग्रॅम, सुमारे २१० किलोकॅलरी. एवढीच ऊर्जा ज्वारीतून घ्यायची तर ६३ ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एक मध्यम भाकरी. आता दोन खाऱ्या एका पारड्यात आणि एक भाकरी दुसऱ्यात ठेवून पाहू.

प्रथिने : दोन खाऱ्यांत ३ ग्रॅम, भाकरीत ६ ग्रॅम.
तंतू : खाऱ्यांत एक ग्रॅमहून कमी, भाकरीत सहा ग्रॅमहून जास्त.
लोह : खाऱ्यांत अर्धा मिलिग्रॅम, भाकरीत अडीच मिलिग्रॅम.
चरबी : खाऱ्यांत १२ ग्रॅम, भाकरीत एक ग्रॅमच्या आसपास.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सुचवले आहे. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा दोन खाऱ्यांत सकाळी सातलाच संपतो. दोनवर थांबणारी माणसे मी फार पाहिली नाहीत. शिवाय नाव खारी आहे ते उगीच नाही. त्या दोन तुकड्यांत अर्ध्या ग्रॅमहून अधिक मीठ असते, आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. रक्तदाब असलेले कितीजण ‘गोड नको, खारी द्या’ म्हणतात, ते आठवून पाहावे.

चरबी कोणत्या प्रकारची, हाही प्रश्न आहे. तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणारे ट्रान्स फॅट रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते, हे आता निर्विवाद आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. ही मोठीच सुधारणा आहे. पण ट्रान्स फॅट गेले म्हणजे चरबी गेली असे नव्हे. घट्टपणासाठी आता पाम तेलापासून केलेल्या संपृक्त चरबीचा आधार घेतला जातो. शिवाय सुट्या पिशवीतल्या खारीवर लेबलच नसेल, तर आत काय आहे हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे?

आणि ती जुनी समजूत, ‘आजाऱ्याला हलकी’? खारी हातात हलकी असते, कारण पापुद्र्यांत हवा असते. पोटात तिचे वजन वेगळे. चरबीयुक्त अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. ज्याला मळमळ आहे किंवा ज्याला चरबी कमी करायला सांगितली आहे, त्याच्या उशाशी खारीचा पुडा ठेवण्यात प्रेम आहे, पथ्य नाही. कोरड्या टोस्टला हा आक्षेप तितका लागू नाही. पण घरात दोघांचा डबा एकच असतो.

पहाटेची भाकरी कोणाच्या हातची

इथपर्यंतचा हिशेब वाचून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो काढायचा नाही, कारण या हिशेबात एक रकाना राहून गेला आहे. भाकरी आपोआप होत नाही.

जात्यावरचे दळण गिरणीने सोडवले. पण चूल पेटवणे, पीठ मळणे आणि धुरात बसून दहा-पंधरा भाकरी थापणे बाईच्याच वाट्याला राहिले. सकाळी मजुरीला जाणाऱ्या बाईला खारीने पहाटेचा अर्धा तास दिला. दात गेलेल्या म्हाताऱ्याला सुनेला हाक न मारता खाता येईल असा मऊ घास दिला. शाळेला निघालेल्या पोराच्या हातात काहीतरी दिले. आमच्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांच्या पहाटेच्या अंधारात चहा-खारीशिवाय दुसरे काय शक्य असते, हे विचारल्याशिवाय कोणी त्यांना ज्वारीचे महत्त्व सांगू नये.

पण नेमका इथेच प्रश्न गंभीर होतो. ज्या बाईला खारीने वेळ दिला, तिच्याच वाट्याचे लोह तिने काढून घेतले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि लहान मुलांमध्ये त्याहून जास्त. उस्मानाबाद हा २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला जिल्हा. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, आणि तो एकट्या खारीने होतो असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. पण अडीच मिलिग्रॅमच्या जागी अर्धा मिलिग्रॅम, आणि तोही चहाबरोबर, हे रोज वर्षानुवर्षे घडत असेल तर त्याचा परिणाम होणारच. चहातली टॅनिन्स धान्यातले लोह शरीरात शोषले जाऊ देत नाहीत. घरातला पुरुष दहा वाजता टपरीवर पुन्हा काही खातो. बाई अनेकदा दुपारपर्यंत त्या दोन खाऱ्यांवरच असते.

पुरुषांनी भाकरी थापायला शिकावे, हा यावरचा सर्वांत न्याय्य उपाय आहे. आमच्या भागात तो लवकर अमलात येईल असे दिसत नाही, म्हणून सोपाही सांगतो. मूठ-दीड मूठ फुटाणे आणि शेंगदाणे. चूल नको, थापणे नको. त्याच २१० किलोकॅलरींत नुसत्या फुटाण्यांतून खारीच्या तिप्पटीहून अधिक प्रथिने मिळतात. रात्री दोन भाकरी जास्त करून सकाळी दह्यात कुस्कराव्यात, म्हाताऱ्यांनाही त्या चावायला लागत नाहीत. चहा त्याआधी किंवा नंतर तासाभराने घ्यावा. यातले काहीही नवे नाही. आपल्या आजोबांची न्याहारी हीच होती.

आणि खारी? तिला घराबाहेर काढावे असे मला वाटत नाही. चांगली खारी करणे ही मोठी कारागिरी आहे. भट्टीच्या धगीत उभे राहून २४३ पदर सांभाळणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, आणि पापुद्रा तोंडात विरघळतो तेव्हाचे सुखही मी नाकारत नाही. पण आपल्या पूर्वजांनी पापुद्र्याच्या पदार्थाला दिवाळीत, सणात आणि पाहुण्यांच्या ताटात जागा दिली होती. गरिबीमुळे दिली असेल, पण जागा बरोबर होती. खारी आली तेव्हा तिची जागा ठरवायला कोणी बसले नाही आणि ती न्याहारीच्या ताटात जाऊन बसली. ती जागा मोकळी करून तिला चिरोट्याच्या शेजारी बसवले, तर खारीचा मान कमी होणार नाही. या दिवाळीत फराळाच्या डब्यात चिरोटे भरताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. हा डबा चार दिवसांत संपतो आणि पुन्हा वर्षभर भरत नाही, यातच त्याचे पथ्य आहे.